स्टॉक फोटो आणि एआय: काय काढणं थांबवावं, काय काढत राहावं

लॅपटॉपवर टेकलेले हात आणि मागे धूसर कुंडी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर हाताची घडी घालून हसणारा डॉक्टर. निळ्या रंगात चमकणारं ‘डिजिटल नेटवर्क’. मायक्रोस्टॉकवर, म्हणजे स्वस्तात फोटो विकणाऱ्या साइटवर, वर्षानुवर्षं डाउनलोड मिळवून देणारा हा माल एआयने सगळ्यात आधी गिळला. कारण साधं आहे. घेणाऱ्याला तो डॉक्टर कोण आणि कुठला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त डॉक्टरसारखं दिसणारं कुणीतरी हवं होतं. तेवढं काम प्रॉम्प्टवर, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या सूचनेवर, भागतं.

या धंद्याची दिशा २०२२च्या शेवटच्या चार महिन्यांत बदलली. सप्टेंबरमध्ये गेटी इमेजेसने एआय चित्रांना दार बंद केलं. ऑक्टोबरमध्ये शटरस्टॉकने ओपनएआयचं चित्रं करणारं डॅल-ई आपल्याच साइटवर आणत असल्याचं जाहीर केलं, कॉन्ट्रिब्युटरकडून (साइटला फोटो देणाऱ्यांकडून) मात्र एआय चित्रं घेणार नाही असं सांगितलं. डिसेंबरमध्ये अडोबी स्टॉकने लेबल लावण्याच्या अटीवर एआय चित्रं घ्यायला सुरुवात केली. तीन एजन्सींच्या तीन तऱ्हा. म्हणूनच एकच फाइल सगळीकडे ढकलून द्यायची जुनी सवय आता अंगाशी येते.

कमाई कुठे गळते ते नीट पाहिलं पाहिजे. फक्त डाउनलोड कमी झाले एवढ्यावर ते थांबत नाही. शटरस्टॉकवर लेव्हल, म्हणजे विक्रीतला तुमचा टक्का ठरवणारी पायरी, दर १ जानेवारीला शून्यावर येते. फोटोंसाठी वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के, १०१ पासून २०, २५१ पासून २५ आणि ५०१ पासून ३० टक्के. पूर्वी साधे, सर्वसाधारण फोटो या पायऱ्या भराभर चढवायचे आणि मग चांगल्या फोटोंना वरचा दर मिळायचा. आता तो साधा माल खपत नाही, त्यामुळे चांगला फोटोसुद्धा जास्त महिने १५-२० टक्क्यांतच अडकतो. किमान रॉयल्टी १० सेंट आहे, आणि छोट्या कॉन्ट्रिब्युटरच्या खात्यात तोच आकडा पुन्हा पुन्हा दिसतो. अडोबीवर लेव्हल नाही, फोटोला सरळ ३३ टक्के. तिथलं दुखणं वेगळं आहे. नवीन फाइलला सुरुवातीला चार लोकांनी पाहिलं नाही तर ती शोधात मागे पडते, आणि ‘सणाची पार्श्वभूमी’सारख्या शब्दांवर तर एआयचे थर लागलेले असतात. अडोबीच्या शोधात एआय चित्रं वगळण्याचा फिल्टर आहे, पण तो मुद्दाम लावावा लागतो. घाईतला डिझायनर तो लावेलच असं नाही.

मग काढायचं काय? ज्यात चूक झाली तर घेणाऱ्याची अब्रू जाते, ते.

उकडीच्या मोदकाचंच घ्या. एआय मोदक बहुधा मोमोसारखा करतं: पाकळ्या पिरगळून एका बाजूला गेलेल्या, टोक बसकं, पारी मैद्यासारखी पांढरीफट्ट. तांदळाच्या उकडीला जो किंचित अर्धपारदर्शक ओलसरपणा असतो तो त्यात नसतो. हळदीचं पान म्हणून केळीचं किंवा भलतंच कुठलं तरी पान येतं. मराठी गिऱ्हाईकासाठी जाहिरात करणाऱ्या मसाल्याच्या किंवा तुपाच्या कंपनीने असं चित्र छापलं तर प्रतिक्रियांमध्ये तिची धुलाई होते. नऊवारीत काष्टा गायब होऊन समोर सहावारीच्या निऱ्या येतात. नथ डाव्या नाकपुडीत असायची ती मधोमध लोंबते किंवा ओठाला चिकटते. नवी मॉडेल्स मोठी देवनागरी अक्षरं बरी लिहू लागली आहेत, पण मागच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही शिरोरेघ ओढलेला अर्थशून्य गिचमीड मजकूर निघतो.

मात्र ताटातल्या मोदकाचा एक देखणा फोटो काढून भागत नाही, कारण तेवढा उद्या एआयलाही जमेल. मालिका काढा: उकड मळणं, पारी करणं, सारण भरणं, पाकळ्या पाडणं, मोदकपात्रात ठेवणं, वाफेसकट झाकण काढणं, वर तूप सोडणं. तेच हात, त्याच बांगड्या, तेच भांडं, खिडकीतला तोच उजेड. पाककृतीचं पान किंवा पॅकेटची मागची बाजू करणाऱ्याला असे ८-१० सलग फोटो लागतात आणि इतक्या पायऱ्यांवर तेच हात, तेच भांडं टिकवताना एआय अजून घसरतं. प्रत्येक पायरीचा आडवा आणि उभा असे दोन्ही घ्या, मजकुरासाठी एका बाजूला जागा सोडा. पण एकाच पायरीचे पाच जवळपास सारखे फोटो चढवू नका, ‘सिमिलर’ म्हणून रिजेक्ट होतात. चेहरा ओळखू येत असेल तर मॉडेल रिलीज (फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी) हवाच, मुलांसाठी पालकाची सही, आणि साक्षीदार सही करणारा व फोटो काढणारा या दोघांपेक्षा वेगळा माणूस. सही शूटच्या दिवशीच घ्या. नंतर घेऊ म्हटलेली सही सहसा राहून जाते. असा रिलीज जोडलेला खरा चेहरा हीच आज कॉन्ट्रिब्युटरची सगळ्यात भक्कम बाजू आहे. बँका, विमा कंपन्या, दवाखाने यांना उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद लागतो.

कीवर्ड देताना अडोबीवर ४९ची मर्यादा आहे आणि पहिल्या दहांना जास्त वजन मिळतं. तिथे ‘फूड’, ‘इंडिया’ घालून जागा फुकट घालवू नका. मोदकाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, ती सगळी वर घ्या, मग गणेश चतुर्थी, महाराष्ट्र, हळदीचं पान, वाफवणं. नेमका शब्द टाकून शोधणारा माणूस विकत घ्यायच्या तयारीने आलेला असतो.

आता एडिटिंग. इथे भले भले गोंधळतात. डाग पुसणं, क्रॉप, रंग, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे कमी करणं हे नेहमीचंच काम आहे. पण जनरेटिव्ह फिलने (एआयने नवा भाग भरणाऱ्या टूलने) आकाश वाढवलं किंवा टेबलावर नसलेली वाटी आणली, तर ती फाइल एआय नाकारणाऱ्या एजन्सीला पाठवू नका आणि अडोबीवर जनरेटिव्ह एआयची खूण करा. कोपऱ्यातला तुकडा कुणाच्या लक्षात येणार, हा हिशेब खातं बंद होण्याच्या जोखमीपुढे टिकत नाही. पूर्ण एआय चित्रं अडोबीला देत असाल तर प्रॉम्प्टमध्ये, शीर्षकात वा कीवर्डमध्ये कुणा चित्रकाराचं, प्रसिद्ध व्यक्तीचं किंवा पात्राचं नाव चालत नाही, आणि खऱ्या घटनेचा आव आणलेलं चित्र तर नाहीच.

उलट संकटही आहे: खरा फोटो एआय समजून नाकारला जातो. बहुतेक वेळा दोष अति-डीनॉइजचा असतो. त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते, केसांच्या कडा एकमेकांत मिसळतात, कापडाची वीण पुसली जाते. लाइटरूमचं डीनॉइज ५०वर उघडतं, स्टॉकसाठी २० ते ३५च्या मधे ठेवून १०० टक्के झूमवर डोळे आणि कापड तपासा. एक्स्पोर्ट करताना कॅमेऱ्याची माहिती काढून टाकू नका. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) आणि त्याच्या आगेमागच्या फ्रेम जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

एआयला आपल्या फोटोंवर शिकवतात, त्या प्रशिक्षणाच्या पैशांबद्दल स्पष्टच बोलायला हवं: आजची पद्धत कॉन्ट्रिब्युटरवर अन्याय करणारी आहे. मार्च २०२३मध्ये आलेलं फायरफ्लाय हे अडोबीचं चित्रं करणारं एआय अडोबी स्टॉकच्या फोटोंवर शिकलं. त्याचा बोनस पहिल्यांदा सप्टेंबर २०२३मध्ये आला, स्वीकारलेल्या फाइली आणि १२ महिन्यांतले डाउनलोड यांच्या हिशेबाने. कुठला फोटो किती कामी आला याचा पत्ता नाही आणि त्यातून बाहेर पडायची सोयही नाही. एप्रिल २०२४मध्ये ब्लूमबर्गने दाखवून दिलं की त्या प्रशिक्षणातली सुमारे ५ टक्के चित्रं स्वतःच एआयने केलेली होती. म्हणजे कॅमेरा घेऊन उन्हात उभं राहणाऱ्याला आणि हजारो चित्रं भराभर ओतणाऱ्याला एकाच मापाने तोलायचं. शटरस्टॉकवर खात्याच्या सेटिंगमध्ये डेटा लायसन्सिंग (आपले फोटो एआय प्रशिक्षणासाठी देणं) बंद करता येतं, पण त्याने पुढचे करार थांबतात, मॉडेल आधी जे शिकलं ते परत येत नाही. न्यायालयाकडूनही लगेच दिलासा दिसत नाही. गेटीने स्टॅबिलिटी एआय या चित्रं करणारं एआय बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध लंडनमध्ये लढलेल्या खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०२५मध्ये लागला, तो बहुतांशी गेटीच्या विरोधात. एआय चित्रांवर गेटीचा वॉटरमार्क उमटल्याबद्दल ट्रेडमार्कचा मुद्दा तेवढा काही अंशी मान्य झाला. तेव्हा फोटो कुठे द्यायचा हे ठरवताना रॉयल्टीच्या टक्क्यांइतकीच करारातली प्रशिक्षणाची कलमं वाचा.

एडिटोरियलकडे, म्हणजे जाहिरातीसाठी नसलेल्या, बातमी-लेखांसाठीच्या फोटोंकडे, आपल्याकडचे लोक अजून पुरेसं वळलेले नाहीत, हे खटकतं. वारीचंच बघा. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, बेलवाडीचं गोल रिंगण, दिवेघाटातली रांग. त्या वर्षीची, त्या ठिकाणची वारी प्रॉम्प्टने तयार करता येत नाही, केली तर ती खोटी बातमी ठरते. शटरस्टॉकला अशा फोटोची कॅप्शन ठरावीक साच्यात लागते: शहर, देश, मग डॅश, महिना-तारीख-वर्ष, कोलन आणि नंतर काय चाललंय ते एका वाक्यात. तारीख कॅमेऱ्यातल्या तारखेशी जुळायला हवी, म्हणून निघण्याआधी घड्याळ तपासा. इथे वस्तू पुसणं, जोडणं काहीच चालत नाही. अडोबीचं एडिटोरियल मुख्यतः ब्रँड, वस्तू, ठिकाणं यांच्यासाठी असतं, घटनांचे फोटो तिथे घेत नाहीत. म्हणून रिंगणातले चेहरे शटरस्टॉक किंवा अलामी या एजन्सीला द्या, आणि चेहरा न दिसणारे टाळ धरलेले हात, डोक्यावरची तुळस, चिखलाने भरलेली पावलं अडोबीच्या कमर्शियल (जाहिरातीत वापरायच्या फोटोंच्या) विभागासाठी वेगळी काढा. फक्त पिशवीवर, टोपीवर किंवा मागच्या बॅनरवर एखाद्या पक्षाचं वा कंपनीचं चिन्ह राहिलेलं नाही ना, ते १०० टक्के झूमवर पाहून मगच चढवा.