टेन हॅग आऊट, काळा, बारा नग

ठाण्याच्या नौपाड्यात माझं जर्सी आणि टी-शर्ट छपाईचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे दोन हीट प्रेस, एक कटिंग मशीन आणि उरलेल्या जागेत खोके. टर्फवर खेळणाऱ्या पोरांच्या जर्सी, गोविंदा पथकांचे टी-शर्ट, सोसायट्यांच्या क्रिकेट टुर्नामेंट हे नेहमीचं काम. निवडणूक लागली की हे सगळं बाजूला आणि पक्षांची कामं पुढे. मी स्वतः क्रिकेटवाला. पण इंग्लंडच्या फुटबॉलमधली नावं छापून छापून मलाही त्यातलं कळायला लागलंय, फक्त मागच्या दारानं. कोणी किती गोल मारले ते मला माहीत नसतं. कुणाचं नाव पाठीवर घेऊन फिरायची लोकांना लाज वाटायला लागलीय, ते मात्र सगळ्यात आधी माझ्या काउंटरवर कळतं. मँचेस्टर युनायटेडचं गिऱ्हाईक सर्वांत जास्त, आणि छापलेलं नाव काढून मागणारंही त्यांचंच. "दादा, सँचो निघेल का?" "अँटनी काढा ना, डाग नाही राहणार ना?" डाग राहतो. लाल पॉलिएस्टरवरून जुनं नाव सोललं की त्याची सावली उरते, आणि उन्हात ती नीट वाचता येते.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवारी रात्री साडेदहाला मेसेज आला. युनायटेड वेस्ट हॅमकडून २-१ हरली होती आणि पोरांचा राग मॅनेजर टेन हॅगवर होता. बारा टी-शर्ट, काळे, मागे लाल अक्षरात टेन हॅग आऊट, गुरुवारच्या दिवाळी पहाटेला तलावपाळीवर घालून जायचेत. ग्रुप ओळखीचा, दर वर्षी टर्फच्या जर्सी माझ्याकडेच करतो. तरी मी पूर्ण पैसे आधी मागितले. माझ्याकडे पाटीच आहे, नाव बदललं तरी पैसे परत नाहीत. ती पाटी मूळची पुढाऱ्यांसाठी. त्याच आठवड्यात विधानसभेचे अर्ज भरायची मुदत संपत होती आणि एका पक्षाचे टी-शर्ट कोपऱ्यात चिन्हासकट तयार पडले होते, नावाची जागा कोरी. तिकीट दोघांपैकी कुणाला, ते मंगळवारपर्यंत कळणार होतं म्हणे.

सोमवारी वसुबारस. दुपारी चारला पोरं सँपल बघायला आली. चौघं जण आणि त्यांच्यातल्या एकाचा मामा, वय साठीच्या आसपास, रिटायर्ड. मामांनीच या पोरांना युनायटेडचं वेड लावलं असं पोरं सांगतात. बिचाऱ्या मामांनी लावलं तेव्हा क्लब जिंकत होता.

मी विनाइल, म्हणजे कापडावर चिकटवायचं प्लॅस्टिक, कापून ठेवलं होतं. प्लॉटर, म्हणजे कटिंग मशीन, अक्षरं उलटी कापतो, मग मधलं नको असलेलं विनाइल चिमट्यानं सोलून काढावं लागतं. ए आणि ओच्या पोटातले तुकडे सर्वांत चिवट. मी ते काढत बसलो आणि समोर यांचं सुरू झालं.

सगळ्यात तावातावानं बोलत होता तो उंच पोरगा. नऊ मॅच, अकरा पॉइंट, चौदावा नंबर. नऊ मॅचमध्ये गोल किती? आठ. "दादा, साठ कोटी पौंड खर्च केले त्यानं! त्याच्या जुन्या क्लबचं, आयाक्सचं, सगळं दुकान इकडे आणलं. ओनाना, लिसांद्रो, अँटनी, डी लिग्ट, मझरावी." दुसरा म्हणाला, मॅनेजर काय करणार, डालोनं गोलकीपरला चकवून रिकाम्या जाळीवरून बॉल वर मारला, तो काय टेन हॅगनं मारला? मग पेनल्टीवर घसरले. शेवटच्या मिनिटांत रेफरीला व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीनं, स्क्रीनकडे बोलावलं, त्यानं डी लिग्टचा फाउल दिला आणि वेस्ट हॅमच्या बोवेननं गोल केला. ती पेनल्टी नव्हतीच यावर चौघांचं एकमत. एवढ्या वेळात तेवढं एकच.

चष्मेवाला पोरगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "दोन वर्षांत दोन कप आणले. २०२३ ला लीग कप, आणि यंदा मे महिन्यात फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप. तेव्हा स्टेटस कुणी ठेवलं होतं, 'टेन हॅग माय मॅनेजर'? तूच ना?" उंच पोरगा म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगळी." चष्मेवाला म्हणाला, "पाचच महिने झालेत रे."

टी-शर्टचे पैसे या चष्मेवाल्यानंही दिले होते, ग्रुपमध्ये राहायचं म्हणून. पण घालणार नाही असं त्यानं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

मी प्रेस दीडशे डिग्रीवर आणून पहिला टी-शर्ट लावला. पंधरा सेकंद, उचल, प्लॅस्टिक सोल. छान बसला. फोटो निघाले, ग्रुपवर गेले. दुसरा, तिसरा. चौथा प्रेसखाली असताना सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. उंच पोरानं स्क्रीन बघितली आणि नुसतं "अरे!" म्हणाला. टायमर वाजला, मी प्रेस उचलली, आणि काळ्या कापडावर गरमागरम लाल अक्षरात टेन हॅग आऊट. तोपर्यंत तो खरोखरच आऊट झाला होता. क्लबनं काढून टाकलं होतं, आणि तात्पुरता कारभार त्याचा सहायक रूड व्हॅन निस्टलरॉयकडे.

मला वाटलं आता पेढे मागवतील. कसचं काय! पहिला प्रश्न माझ्याकडेच आला, "दादा, उरलेले आठ कॅन्सल होतील का?" मी पाटीकडे बोट दाखवलं.

मग मामा बोलले. जुलैमध्ये याच टेन हॅगचा करार क्लबनं २०२६ पर्यंत वाढवला होता आणि ऑक्टोबरमध्ये नारळ दिला. उन्हाळ्यात दुसऱ्यांशी बोलणी, कुणी पटलं नाही म्हणून हाच राहू दे, त्याच्या पसंतीचे आणखी खेळाडू आणा, मग त्यालाच काढा. मामांनी बोटांवर मॅनेजर मोजले. २०१३ मध्ये फर्गसन गेले, मग मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, मधे रँगनिक, आता हा. "प्रत्येकाचं सामान घरात पडून आहे. मोरिन्योचे खेळाडू सोल्शारला नको, सोल्शारचे याला नको. आता याचे येईल त्याला नको होतील. आणि तुम्ही छापताय याचं नाव. छापायचंच तर ज्यांनी २००५ मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं, त्या ग्लेझरांचं छापा."

मला हे पटलं, आणि ते मी तिथेच बोललो. खोके लावायची अर्धी जागा अशाच उरलेल्या नावांनी खाल्लीय, त्यामुळे या विषयातला माझा अनुभव मामांपेक्षा कमी नाही. उंच पोराचं म्हणणं वेगळं होतं. मालक काय मैदानात उतरून गोल चुकवतात का, शिवाय फुटबॉलचा कारभार फेब्रुवारीपासून नवा भागीदार रॅटक्लिफ बघतोय, ग्लेझर नव्हे. त्यालाही अर्थ होता. पण हातात बारा टी-शर्ट आणि तोंडावर दिवाळी असताना त्याच्यापुढे फारसे पर्याय नव्हते.

हिशेब असा झाला. आऊट ही ओळ तशीच राहणार, तिचे पैसे वसूल. वरची ओळ नव्यानं, ग्लेझर्स, तिचे वेगळे पैसे. आठ टी-शर्ट कोरेच होते, अडचण त्या चार छापलेल्यांची. ताजं विनाइल निघतं, पण ओळ परत तापवून ती गरम असतानाच कोपऱ्यातून चिमट्यानं ओढावी लागते. बोटं भाजतात, एन आणि जी अर्ध्यात तुटतात, मागे चिकट राहतं ते केमिकलनं पुसा, त्यात कापडाला चकाकी येते. एका टी-शर्टला पाऊण तास गेला. उंच पोरगा शेजारी उभा राहून आपणच मागवलेलं नाव सोलताना बघत होता आणि दुसऱ्या हातानं फोनवर, नवा मॅनेजर म्हणून ज्याचं नाव येत होतं तो आमोरिम कोण, तीन डिफेंडर घेऊन कसा खेळवतो, ते बाकीच्यांना वाचून दाखवत होता. तीन झाल्यावर मी कंटाळलो.

तेव्हा चष्मेवाला पुढे आला. "दादा, चौथ्याचं वरचं राहू दे. आऊट काढा."

"नुसतं टेन हॅग?"

"हो. मी घालीन."

उंच पोरगा हसला, मग हसायचा थांबला. आऊट म्हणजे तीनच अक्षरं, तीही मोठी, पाच मिनिटांत निघाली. त्याचे मी पैसे घेतले नाहीत.

बुधवारी मध्यरात्रीनंतर युनायटेडची लीग कपची मॅच होती, लेस्टरशी. पोरं जागली, युनायटेड ५-२ जिंकली, कासेमिरोनं दोन गोल मारले, ज्याला सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध हाफटाइमला बाहेर बसवला होता तोच. तशीच उटणं लावून, आंघोळ करून पहाटे तलावपाळीवर. सकाळी मला फोटो आला. अकरा ग्लेझर्स आऊट आणि मधे एक टेन हॅग. खाली लिहिलं होतं, एका आजोबांनी विचारलं, हे ग्लेझर कुठल्या मतदारसंघातून उभे आहेत?

नऊच्या सुमारास उंच पोराचा फोन. मागे ढोल-ताशा, धड ऐकू येईना. "दादा, भाऊबीजेपर्यंत होतील का? बारा नग. रूड इन."

"अरे, एक मॅच जिंकलाय तो."

"दादा, क्लबसाठी दीडशे गोल मारलेत त्यानं! त्यालाच ठेवला पाहिजे."

मी म्हटलं, पैसे आधी टाक. तो म्हणाला, ग्रुपवर विचारून सांगतो. शुक्रवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, क्लबनं आमोरिमचं नाव जाहीर केलं. ग्रुपवरची चर्चा तोपर्यंत संपलेली नव्हती.