चेक इंजिनचा दिवा, पी ०१७१ आणि एक चिरलेली नळी

गाडी उभी असली की आरपीएम वरखाली व्हायचे, सकाळी स्टार्ट केली की थरथर, आणि वर चेक इंजिनचा पिवळा दिवा. मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी ०१७१ कोड आला, म्हणाला ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, बदलून टाकू. मी म्हटलं थांबा जरा. कारण हा कोड फक्त एवढंच सांगतो की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कुठला पार्ट खराब झालाय हे त्यात कुठेच नसतं!

मग ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं सॉकेट) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला आणि लाइव्ह डेटा बघत बसलो. कोड डिलीट करायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाच्या रीडिंगचा) फोटो काढून ठेवा हं, डिलीट केलं की तो पण जातो आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, शिकलेले ट्रिमही (पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करायचं ते) पुसले जातात.

खरी गोष्ट कळली ती फ्युएल ट्रिममध्ये. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म ट्रिम (बऱ्याच वेळात शिकलेला) +२२ टक्के, म्हणजे ईसीयू बिचारा एवढं जास्तीचं पेट्रोल मारून कसंबसं सांभाळून घेत होता. तेच २५०० आरपीएमवर धरलं तर +६. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर लोड वाढल्यावर ट्रिम वाढला असता, इथे उलटं होतं, म्हणजे कुठूनतरी चोरून हवा आत येतेय जी एअर फ्लो सेन्सरने मोजलेलीच नाही, आणि आयडलला एकूण हवाच कमी असते म्हणून तिथे त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो. ऑक्सिजन सेन्सरचं म्हणाल तर मिश्रणात पेट्रोल वाढलं की त्याचं व्होल्टेज वाढतं, आणि झटकन रेस दिली की ते लगेच ०.८ च्या वर जात होतं, सोडली की खाली. सेन्सर ठणठणीत होता, तो खरं तेच सांगत होता, उगाच बदलला असता.

हवा कुठून शिरतेय ते शोधायला काही जण अशा वेळी गरम इंजिनवर कार्ब क्लीनरचा (पटकन पेट घेणारा) स्प्रे मारतात, मला ते अजिबात पटत नाही, आग लागू शकते. मी इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमच्या नळ्या (इंजिन ज्यांतून हवा ओढतं त्या) एकेक करून पकडीने हलकेच दाबत गेलो, डोळा मोबाईलवर. ब्रेक बूस्टरची नळी दाबली, काही नाही. पीसीव्हीची (इंजिनच्या आतले वायू परत इनटेकमध्ये नेणारी) दाबली आणि शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे त्या क्षणाचा, धाडकन खाली! नळी काढून उलटी केली तर कोपराच्या वळणावर, खालच्या बाजूला, तेलाने फुगून मऊ झालेलं रबर आणि त्यात बोटभर चीर, वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं.

नवी नळी टाकली, कोड डिलीट केला, चालवून परत बघितलं तर आयडलला +३ आणि थरथर बंद. २५०० ला अजून +५ दाखवतंय, तसं ते चालण्यासारखं आहे, पण एअर फ्लो सेन्सर एकदा त्याच्याच क्लीनरने साफ करून बघणार आहे.