नऊ ट्रॅक गायब!

सकाळी गाण्याच्या रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट उघडला तर १२ पैकी ९ ट्रॅक रिकामे. पोटात गोळाच आला. परवा आवराआवरीच्या झटक्यात एक फोल्डर हलवलं होतं, तो पराक्रम माझाच. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतोच, ऑडिओ फाइल कुठे ठेवलीय याचा नुसता पत्ता असतो, हे माहीत असूनही! नावावरून शोधावं तर 'ऑडिओ ०१' नावाच्या फाइल्स ढिगाने. मग साइजवरून शोधलं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो (एकाच चॅनलची) वेव्ह ऑडिओ फाइल म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी; माझे टेक (एकेक सलग रेकॉर्डिंग) चार मिनिटांचे, म्हणजे ३५ च्या आसपास. आठ सापडले. नववा, हार्मोनीचा, चक्क रिसायकल बिनमध्ये (अजून रिकामी केली नव्हती, आळस कामी आला). आता सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये. एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर, दुसरी क्लाउडवर चढतेय. तासाभरात जेमतेम ६२ टक्के!