आजोबांच्या .३१५ चा बोल्ट: सात आठवड्यांनी हेड फिरलं

काल रात्री पावणेअकराला आजोबांच्या रायफलचं बोल्ट हेड सुटलं. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, आणि हेड म्हणजे त्याचं पुढचं तोंड. सात आठवडे याच्यामागे होतो, त्यामुळे आज सगळं सविस्तर लिहून काढतो. कुणाकडे ली अ‍ॅक्शनची (ली नावाच्या बोल्ट-रचनेची) जुनी रायफल असेल तर त्याला उपयोग होईल.

रायफल बीएसए या ब्रिटिश कंपनीची, .३१५ बोअरची, म्हणजे नळीच्या त्या मापाची. मुरबाडकडच्या शेतीसाठी आजोबांनी परवान्यावर घेतली होती, आता परवाना माझ्या नावावर आहे. .३०३ हा लष्कराचा बोअर, तो इंग्रजांनी सामान्य माणसाला बंद केला. म्हणून त्याच ली अ‍ॅक्शनवर ८ मिमीच्या काडतुसाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानासाठी बनायच्या. आमची त्यातलीच एक.

मे महिन्यात रेंजवर तीन काडतुसं पेटलीच नाहीत. प्रत्येक वेळी नळी निशाणाकडे धरून अर्धा मिनिट थांबलो, मग काडतूस काढून पाहिलं. बुडाच्या टोपीवर, म्हणजे पिन आपटून जी पेटते तिच्यावर, खड्डा होता, पण उथळ. म्हणजे पिन पोचत होती, ठोका कमी पडत होता. स्प्रिंग थकली असेल किंवा आत घाण असेल. दोन्ही बघायला पिन बाहेर यायला हवी, आणि ली बोल्टची पिन पुढच्या तोंडातून निघते. पुढे बसलंय बोल्ट हेड, आट्यांवर. ते सुटल्याशिवाय आतलं काही दिसत नाही.

घरी आल्यावर मॅगझिन काढलं, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासलं, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या कपाटात कुलपात ठेवली. बोल्ट पूर्ण मागे ओढून हेड वर उचललं की तो बाहेर येतो. तो आला. हेड हाताने उलटं फिरवायला गेलो तर जागचं हलेना. धड आणि हेड जणू एकाच पोलादातून कोरलेलं.

मला गंज वाटला. ठाण्यातला पावसाळा म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, काही नाही. मग गंज सोडवायचं स्प्रे तेल, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. तरीही नाही. ओळखीच्या एकाने पाइप पान्हा लावायला सांगितलं. नाही लावला. हेडच्या बाजूला एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) असतो, पान्ह्याच्या दातांनी तो वाकला किंवा हेडची कड चेपली तर चेंबरमधला मेळच बिघडतो. माझ्या बोल्टवर आणि तो ज्यात सरकतो त्या रायफलच्या बॉडीवर एकच नंबर आहे. ही जोडी मोडली की दुसरा बोल्ट आणून काम भागत नाही.

दोन आठवडे तो तसाच पडून होता. मग एका रविवारी भिंग घेऊन खिडकीत बसलो. हेड आणि धड यांच्या फटीत सुईचं टोक फिरवलं. तांबडी भुकटी निघायला हवी होती, निघाल्या मधाच्या रंगाच्या पारदर्शक खपल्या. एक खपली नखावर घेऊन चोळली तर लाखेसारखी तुटली. गंज नव्हताच तो.

आई शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "अरे, मामंजी दर दिवाळीला दस्त्याला जवसाचं तेल लावायचे. उरलेल्या फडक्याने मग सगळी बंदूक पुसून काढायचे."

तिथे उलगडा झाला. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणूनच ते लाकडाला चांगलं, क्रिकेटच्या बॅटलाही आपण तेच लावतो. पण आट्यांत शिरलं तर वर्षानुवर्षं थरावर थर चढून त्याचा वॉर्निश होतो, आणि मुरलेल्या वॉर्निशवर रॉकेलचं काही चालत नाही. तो साबण होऊन सुटतो तो गरम क्षाराने. म्हणजे धुण्याच्या सोड्याने.

जांभळी नाक्यावरून सोडा आणला. जुनं स्टीलचं पातेलं घेतलं, ते आता स्वयंपाकाला वापरायचं नाही. अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सोडा, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, उकळत्या पाण्यात बोल्ट वीस मिनिटं. ब्लो लॅम्प लावायचा सल्लाही मिळाला होता, पण ज्योतीने पोलादाचं पाणी उतरतं. उकळतं पाणी शंभर अंशांवर जात नाही, त्याने काही होत नाही. पहिल्या उकळीला पाणी चहासारखं झालं. दुसऱ्या उकळीनंतर फटीतून पिवळसर फेस आला. तिसऱ्यानंतर बोल्ट गरम असतानाच लाकडी ठोकळ्यांमध्ये शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरला, हेडभोवती चामड्याची पट्टी गुंडाळली आणि हाताने जोर दिला. आधी कर्र असा बारीक आवाज आला, मग पाव फेरा. मी थांबलो, फटीत तेलाचा थेंब सोडला, थोडं पुढे, थोडं मागे. दहा मिनिटांत हेड हातात. आट्यांच्या खाचेत मधाच्या रंगाचं अखंड कडं बसलं होतं, पितळी ब्रशने ते एका तुकड्यात निघालं.

लगेच साध्या उकळत्या पाण्याने धुतलं. गरम लोखंड आपोआप सुकतं. मग रॉकेल, मग बंदुकीचं पातळ तेल. या हवेत हे दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

पिनसाठी दोन दातांचा पोकळ पान्हा लागतो. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांनी नळीच्या तुकड्यातून करून दिला. आज सकाळी कॉकिंग पीसवरचा (पिनच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या तुकड्यावरचा) छोटा स्क्रू काढला, पान्हा पुढून आत घालून पिनच्या कॉलरच्या खाचांत बसवला आणि फिरवला. स्प्रिंग दाबलेली असते, त्यामुळे तोंड भिंतीकडे आणि तळहात पान्ह्यावर. पिन, स्प्रिंग बाहेर आल्या. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तोच मध, जवळजवळ अर्ध्या लांबीपर्यंत. ठोका कमी पडणारच. पिनचं टोक गोल आहे, खड्डे नाहीत.

एक्स्ट्रॅक्टरचा स्क्रू सोडवला नाही. त्याची खाच आधीच झिजलीय आणि एक्स्ट्रॅक्टर नीट काम करतोय.

एक गोष्ट मात्र नक्की करा. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

उरलेलं काम: पिन पूर्ण आत फिरवून स्क्रू खाचेत बसवायचा, हेड शेवटपर्यंत आवळून धडाच्या बरगडीशी रेषेत येतंय का ते बघायचं. पिन किती बाहेर येते आणि हेडस्पेस (काडतुसाचं बूड आणि बोल्ट हेड यांतली जागा) किती आहे, ते परवानाधारक गनस्मिथकडे गेजने तपासून घेणार. साफसफाई आपल्या हातात, पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. तोवर बोल्ट एका कपाटात, रायफल दुसऱ्यात.