राखेचं सिमेंट आणि आमचे आप्पा

गेल्या साली आमच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबचं काम निघालं, पोती उतरली, आप्पांनी चष्मा लावून पोत्यावरचं 'पीपीसी' (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट) वाचलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "ह्यात राख असतीय, परत पाठवा." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, आमच्या गल्लीत राख म्हटलं की गळीत हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळीच डोळ्यापुढं येते.

पण ही राख ती नव्हे. औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळशाची पूड हवेवर उडत जळते, मागं राहिलेली माती त्या उष्णतेत वितळून काचेच्या बारीक बारीक गोळ्या होतात, ती ही फ्लाय अॅश. सिमेंटला पाणी लागलं की त्यातनं चुना सुटतो आणि तसाच पडून राहतो, राख त्या चुन्याला धरते आणि खडी-वाळूला बांधणारा जादाचा चिकटा तयार करते. म्हणजे भेसळ वगैरे काही नाही, भारतीय मानकातच पीपीसीत 15 ते 35 टक्के राख धरलीय आणि आपल्याच राज्यातलं घाटघरचं धरण असल्या राखेच्या काँक्रीटचं आहे.

खोट एकच, हिला घाई चालत नाही. पहिले काही दिवस ताकद कमी वाटते, मग सावकाश चढत जाते, पण तोवर पाणी पाहिजे. आयएस 456 (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) साध्या सिमेंटला किमान 7 दिवस सांगतं, राखेच्याला 10, आणि हवा कोरडी-गरम असेल तर 14. आमच्या सेंट्रिंगवाल्याचा माणूस चौथ्या दिवशीच "झालं की आता" म्हणून पाइप गुंडाळून गेला. मग आळी करून पाणी कुणी धरलं? आप्पांनीच, चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, शिव्या देत.

हे सगळं ऐकून तात्यांनी (आमचे चुलते) काय करावं, साखर कारखान्यावरची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख ट्रॉली भरून आणली आणि गोठ्याच्या कोब्यात फावड्यानं ढकलली, ना चाळली ना दळली. बगॅसच्या राखेतही सिलिका (चुन्याला धरते ती हीच) भरपूर असते, पण अर्धवट जळालेला कोळसाही असतो, तो पाणी पितो, मग माल घट्ट होतो म्हणून गवंडी अजून पाणी ओततो आणि तिथंच काम बिघडतं. कोबा काळा झालाय आणि झाडला की पीठ निघतंय. तात्या अजून मलाच विचारतात, "तुझ्या पोत्यातली राख चालती, मग माझीच का न्हाई रं?"