मेकॅनिकलला प्रवेश घेतला, ईएनटीसीला पोचले

फलटणला बारावी केली आणि २०२२ साली इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सीईटी दिली. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला ८८ पर्सेंटाइल पडले. कॉम्प्युटरच करायचं हे दहावीपासून डोक्यात होतं, पण ८८ वर कुठलं कॉलेज मिळतं आणि कुठलं नाही, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ मोबाइलवर उघडून मी आणि पप्पा रात्री बसायचो.

पहिला धक्का होम युनिव्हर्सिटीचा. फलटण सातारा जिल्ह्यात, म्हणजे आमचं होम विद्यापीठ शिवाजी, कोल्हापूरचं. आम्हाला पुणं जवळ आणि कोल्हापूर लांब, पण पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांसाठी मी बाहेरची. राज्याच्या कोट्यातल्या ७०% जागा त्या विद्यापीठाच्या मुलांना आणि उरलेल्या ३०% आमच्यासारख्यांना. त्यामुळे कटऑफ बघताना कॉलेजचं नाव आणि आकडा बघून भागत नाही, तो आकडा कुठल्या रकान्यातला आहे तेही बघावं लागतं. आम्हाला हे कळायला चार दिवस लागले.

चुलतभावाने सल्ला दिला, "कॉलेज मोठं धर. ब्रांच काय, सेकंड इयरला बदलून मिळते." त्याच्या मित्राला मिळाली होती म्हणे. त्या एका वाक्यावर मी ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कॉलेज आणि ब्रांचच्या पसंतीचा, क्रम लावला. पुण्यातली नावाजलेली कॉलेजं वर, ब्रांच मिळेल ती. सातारा, बारामती, सांगलीकडच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर मला मिळण्यासारखं होतं, ते मी पार खाली टाकलं. ही माझी चूक होती असं आज स्पष्ट वाटतं. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, वरून खाली बघत जातात आणि मेरिटमध्ये बसणारी पहिली जागा हातात ठेवतात. खाली काय लिहिलंय ते बघायची वेळच येत नाही.

एक गोष्ट मात्र वेळेवर लक्षात आली. आमचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणून टीएफडब्ल्यूएस या फीमाफी योजनेतल्या जागांचे चॉइस कोडही मी भरले होते. त्या जागेवर ट्यूशन फी पूर्ण माफ असते. फॉर्म लॉक करायच्या आदल्या रात्री माहितीपुस्तिका पुन्हा वाचताना नियम दिसला : या योजनेत प्रवेश घेतलेल्याला नंतर कॉलेजही बदलता येत नाही आणि ब्रांचही. पप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुला नक्की बदलायचीच आहे ना? मग काढ ते कोड. फीचं मी बघतो." ते कसं बघणार होते ते मला माहीत होतं. पतसंस्थेचं कर्ज. कोड काढताना माझा हात थरथरत होता.

पहिल्या राउंडला काहीच लागलं नाही. दुसऱ्याला पुण्यातलं मेकॅनिकल लागलं. हजार रुपये भरून आधी बेटरमेंट ठेवलं, म्हणजे ती जागा धरून वरच्या पसंतीची वाट बघितली; तिसऱ्यातही तेच राहिलं आणि मी कॉलेजात जाऊन रिपोर्टिंग केलं, प्रवेश पक्का केला.

फर्स्ट इयर सगळ्यांना सारखंच असतं : एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर), मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल. वर्कशॉपला फायलिंगचा, म्हणजे कानशीने लोखंड घासायचा, जॉब करताना इतर मुलींच्या हाताला फोड यायचे, मला ते काम आवडायचं. पण ब्रांच बदलायची तर मार्क हवेत हे सतत मनात. सीनिअरना विचारत राहिले तेव्हा खरा नियम कळला. आमच्या कॉलेजात एकही बॅकलॉग (राहिलेला विषय) चालत नाही, दोन्ही सेमचे मार्क धरून यादी लागते आणि बदल फक्त रिकाम्या जागांवर होतो. रिकामी जागा म्हणजे पहिल्या वर्षानंतर कुणी प्रवेश रद्द केला तर. कॉम्प्युटर सोडून कोण जातं? शिवाय नंतर डिप्लोमाची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, रिकामी राहिलेली जागा तिकडे जाते. चुलतभावाचं वाक्य खोटं नव्हतं, फक्त त्यात 'जागा असेल तर' हे राहिलं होतं.

निकाल उशिरा लागला. मला ९.०२, माझ्या रूममेटला ९.४. ती पण मेकॅनिकलचीच. आम्ही दोघींनी एकत्र अर्ज केला आणि ऑफिसमधून तिचा लगेच परत आला. तिचा प्रवेश टीएफडब्ल्यूएसमधला होता. रिपोर्टिंगच्या दिवशी तिला हे कुणीही सांगितलं नव्हतं. अठरा वर्षांची मुलगी फी माफ झाली या आनंदात सही करते, तिला समोर बसवून हा एक नियम वाचून दाखवायला दोन मिनिटं लागत नाहीत. मला याचा अजून राग येतो.

यादीत मी चौथी होते. सेमिनार हॉलमध्ये फळ्यावर खडूने लिहिलं होतं : कॉम्प्युटर १, आयटी २, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) ४. पहिल्या मुलाने कॉम्प्युटर घेतलं. सरांनी डस्टरने १ पुसला. पुढच्या दोघांनी आयटी घेतलं, तोही आकडा गेला. माझं नाव आलं. सर म्हणाले, "ईएनटीसी आहे, घेतेस का? मागे पंधरा जण आहेत." मी पप्पांना फोन लावला, ते शेतात होते, लागला नाही. बेसिक इलेक्ट्रॉनिक्स आवडलं होतं आणि त्या ब्रांचला डेटा स्ट्रक्चर्स असतं एवढं माहीत होतं. "घेते," म्हटलं.

तोवर सेकंड इयरचे तीन आठवडे होऊन गेले होते. मेकॅनिकलच्या वर्गात बसून थर्मोडायनॅमिक्सच्या वह्या भरल्या होत्या, इकडे डिजिटल सर्किट्सचा के-मॅप शिकवून झाला होता. पहिली युनिट टेस्ट वाईट गेली. दिवाळीनंतर सूर लागला. आज मायक्रोकंट्रोलरवर काम करते आणि ते मनापासून आवडतं, पण हे मला फॉर्म भरताना माहीत नव्हतं, म्हणून त्याचं श्रेय त्या निर्णयाला देता येत नाही.

फीची ओढाताण दोन वर्षं चालली. ओबीसीची ५०% सवलत होती, बाकी कर्ज. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आमच्यासारख्या मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ झाली, तेव्हा आई रडली.

ब्रांच बदलणाऱ्यांनी बदलाच्या आदेशाच्या चार-पाच साक्षांकित प्रती लगेच काढून ठेवा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या फी सवलतीच्या पोर्टलवर, माझा कोर्स वर्षभर मेकॅनिकलच दिसत होता, सवलतीचं रिन्यूअल अडकलं. परीक्षा फॉर्मलाही जुनीच ब्रांच आली. प्रत्येक खिडकीवर तोच कागद मागितला आणि माझ्याकडे एकच झेरॉक्स होती.