मूल बोललं, आता चर्चच्या मंडळीनं काय करायचं?

मूल आपल्यावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं आणि बोट काकाकडे, आजोबांकडे किंवा वडिलांकडेच असलं, की चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयाचा १८ वा अध्याय उघडला जातो. भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात समज द्या, मग दोघा-तिघांना घेऊन जा, असं तिथं आहे. म्हणून पाळकांच्या घरी बैठक बसते, प्रार्थना होते, मुलाला क्षमा करायला सांगितलं जातं. पण तो अध्याय सुरू होतो लहान लेकरापासून, आणि लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट सहाव्याच वचनात आहे. हा दोन भावांतला तंटा नव्हे. अशा बैठकीनं आरोपी सावध होतो आणि मुलावर शब्द फिरवण्याचा दबाव येतो.

मुलाचं ऐकून घ्या. खोदून विचारू नका. त्याचेच शब्द, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे माहिती पोलिसांना द्यावीच लागते. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पाळक किंवा फादर म्हणून वेगळी सूट लिहिलेली नाही. कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीत, मूल बोललं, तर फादरांवर गुप्ततेचं बंधन असतं. त्यांनी मुलाला एवढंच समजवावं की यात तुझं पाप नाही, आणि हे बाहेर येऊन पुन्हा सांग.

प्रकार ताजा असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. एफआयआर झाला नसला तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. जबाब घ्यायला मुलाला ठाण्यात न्यावंच लागतं असं नाही. तो घरी घेता येतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करूनही मदत मिळते.

तक्रार कोसळते ती बहुतेकदा पुढे, घरभाड्यापाशी. कमावता माणूस तुरुंगात गेला की सासरचे आईला विचारतात, ‘आता खाणार काय?’ मंडळीचं खरं काम इथं आहे: भाडं, किराणा, शाळेची फी निदान वर्षभर, आणि तेही मंडळीच्या पंचांपैकी दोघांनाच माहीत असेल अशा पद्धतीनं. प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमुक गल्लीतल्या कुटुंबासाठी’ एवढं लिहिलं तरी मूल ओळखू येतं.

आरोपी जामिनावर सुटून उपासनेला आला, तर जागा मुलानं बदलायची नाही. आरोपीनं दुसऱ्या चर्चमध्ये जावं, आणि मंडळीनं तिथल्या पाळकांना तसं लेखी कळवावं.